टेलवरून दिसणारा कर : सार्वजनिक आयव्ययाच्या अभ्यासाची प्रस्तावना

हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान २२ फेब्रुवारी १९३७ रोजी ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले, ते जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा उस्मानाबाद जिल्हा मात्र तेव्हा कोरडवाहू होता, आणि आजही त्याची बरीचशी शेती पावसावरच चालते. जिल्ह्यातला काही मुलूख तर निजामाच्या खासगी जहागिरीत, म्हणजे सर्फ-ए-खासमध्ये मोडत असे; तिथला सारा थेट त्यांच्या खासगी तिजोरीत जाई. पुढे संस्थान गेले, मराठवाडा महाराष्ट्रात आला, १९८२ साली लातूर वेगळा झाला, २०२३ साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. त्याच्या पाच वर्षे आधी, २०१८ मध्ये, नीती आयोगाने देशातील ‘आकांक्षित’, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून त्यात चारच नावे आली : नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि उस्मानाबाद.

संपत्ती एका जागी साचते आणि अर्थव्यवस्था दुसऱ्या जागी खंगते, तेव्हा सरकारने कराचा उपयोग कसा करावा? श्रीमंतांकडून जास्त घ्यावे, की त्यांना सवलत देऊन त्यांचा पैसा मागास भागात ओढून आणावा? घेतलेला पैसा नेमका कुठे घातला म्हणजे रुतलेले गाडे हलते? या प्रश्नांचा पद्धतशीर विचार करणाऱ्या शास्त्राला आपल्या पाठ्यपुस्तकांत सार्वजनिक आयव्यय म्हणतात. हे पुस्तक त्या शास्त्राची ओळख करून देण्यासाठी आहे, आणि ही प्रस्तावना वाचकाचे त्यात स्वागत करण्यासाठी.

वाचक कोण, हे मनाशी ठरवूनच पुढची पाने लिहिली आहेत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा कळंबचा विद्यार्थी, तुळजापुरात समाजकार्य शिकणारी मुलगी, ग्रामपंचायतीचा अंदाजपत्रकी ठराव मांडणारा सरपंच, पतसंस्थेतला हिशेबनीस, शाळेत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या बाई. यांपैकी कोणाचेही आलेख आणि समीकरणांवाचून अडू नये, असा प्रयत्न आहे. या विषयाला लागणारे गणित बहुतेक ठिकाणी त्रैराशिकाच्या पलीकडे जात नाही. लागते ती चिकाटी : आकडा कुठून आला, कोणाच्या खिशातून आला आणि कुठे जाऊन थांबला, हे शेवटपर्यंत बघण्याची.

मराठी वाचकाला या विषयात परक्यासारखे वाटण्याचे कारण नाही. १८८३ साली महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेतसारा, लोकल फंड, जकात, मिठावरचा कर यांचा भार कुणब्यावर कसा पडतो आणि तो पैसा सरकारी नोकरांच्या पगार-पेन्शनींत कसा जिरतो, याचा पाढाच त्यात वाचलेला आहे. आजच्या परिभाषेत याला करपाताचे विश्लेषण म्हणतात. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले. देश दुष्काळाने होरपळत असताना सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडते, ही भूषणाची गोष्ट कशी, हा त्यांचा मुद्दा होता. मिठावरचा कर कमी करा आणि प्राप्तिकराची सूटमर्यादा पाचशे रुपयांवरून हजारावर न्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. पुढच्याच वर्षी सरकारने दोन्ही बाबतींत पाऊल उचलले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला, तो कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह. हे सेलिग्मन म्हणजे प्रगतिशील करआकारणीवर आधीच ग्रंथ लिहिलेले अभ्यासक. मुंबई कायदेमंडळात १९२७ साली अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी बोट ठेवले ते नेमक्या जागी : प्राप्तिकराला सूटमर्यादा आहे, पण शेतसाऱ्याला नाही, धनिकाचे उत्पन्न ठरावीक पातळीच्या वर गेल्यावरच कर लागतो, अल्पभूधारकाला मात्र पीक बुडाले तरी सारा भरावा लागतो.

म्हणजे ‘कोणाच्या ऐपतीला किती झेपते’ हा या शास्त्राचा पहिला प्रश्न आपल्याकडे चांगला सव्वाशे वर्षे मुरलेला आहे. स्वातंत्र्यानंतर तो कायद्यात उतरला, आणि तिथेही मराठी माणसे मोक्याच्या जागी होती. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ साली मालमत्ता शुल्क, म्हणजे वारसाहक्काने जाणाऱ्या संपत्तीवरचा कर आला. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांनी १९५६ साली भारतीय करव्यवस्थेवर अहवाल दिला आणि त्याच्या आधारे १९५७ मध्ये संपत्ती कर व खर्च कर, तर १९५८ मध्ये बक्षीस कर लागू झाला. यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना प्राप्तिकराचा कमाल दर ८५ टक्के आणि त्यावर १५ टक्के अधिभार, असा मिळून ९७.७५ टक्क्यांवर पोहोचला. वरच्या टप्प्यातल्या शंभर रुपयांपैकी सव्वादोन रुपये कमावणाऱ्याच्या हाती उरायचे. संपत्ती कर वेगळाच.

कागदावर यापेक्षा कडक कर क्वचितच सापडेल. प्रत्यक्षात मात्र पैसा काळ्या वाटेने निघून गेला. करचोरीचा अभ्यास करणाऱ्या वांछू समितीने १९७१ साली हेच सांगितले, की दर एवढे चढे असले की चोरीतला फायदाही तेवढाच चढा होतो. तेव्हा चव्हाणांनीच १९७४च्या अर्थसंकल्पात कमाल दर ७७ टक्क्यांपर्यंत उतरवला. मालमत्ता शुल्क विश्वनाथ प्रताप सिंह यांनी १९८५ साली बंद केले. वर्षाला जेमतेम वीस कोटींच्या उत्पन्नासाठी एवढा खटाटोप परवडत नाही, असे कारण दिले गेले. संपत्ती कर २०१५ साली अरुण जेटलींनी काढून टाकला. २०१३-१४ मध्ये त्याची देशभरातली वसुली १,००८ कोटी रुपये होती.

इथे नवख्या वाचकाची गल्लत होते. एक पक्ष म्हणतो, बघा, श्रीमंतांवरचे कर चालतच नाहीत. दुसरा म्हणतो, ते चालू दिलेच नाहीत. दोन्ही वाक्ये घाईची आहेत. अभ्यासकाने कर कुठे गळतो ते पाहावे. यासाठी पुन्हा निजामांचेच उदाहरण बोलके आहे. त्यांनी आपली संपत्ती कुटुंबीयांसाठी केलेल्या अनेक न्यासांमध्ये विभागली. या न्यासांवर संपत्ती कर कसा आकारायचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल १९७७ साली लागला. संपत्ती कोणाची, आज हक्क कोणाचा, उद्या कोणाचा, तिची किंमत कोणत्या दिवशीची धरायची, अशा प्रश्नांत एक कर वर्षानुवर्षे अडकून राहतो. शेतकऱ्याचा सातबारा तलाठ्याच्या दप्तरात उघडा असतो. मोठी संपत्ती न्यास, कंपन्या, दागिने, शेअर अशा अनेक रूपांत विखुरलेली असते आणि प्रत्येक रूपाला वेगळा वकील असतो. कराचा दर किती, यापेक्षा कराचा पाया किती पक्का आणि किती उघडा, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो, तो असा.

आता वसुलीकडून खर्चाकडे येऊ. कराच्या चर्चेतला हा भाग बहुधा घाईने उरकला जातो, आणि धाराशिवला सांगण्यासारखे सर्वांत जास्त इथेच आहे.

१९७२. सलग दोन वर्षे पाऊस दगा देऊन गेला होता, तिसऱ्या वर्षी तर त्याने पाठच फिरवली. उस्मानाबाद, बीड, औरंगाबाद, अहमदनगर, सोलापूर हा सगळा पट्टा होरपळला. ज्यांच्या स्मरणात तो काळ आहे त्यांना दोन चवी आठवतात : रेशनवर मिळणारी लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. सरकारने दुष्काळी कामे काढली. खडी फोडणे, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव, बंडिंग. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर या कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. सकाळी मुकादम हजेरीपटावर नावे घेई. पुरुषांच्या हातात कुदळ, बायकांच्या डोक्यावर घमेले. फोडलेल्या खडीचा ढीग रचायचा, त्याचे माप घ्यायचे आणि मापाप्रमाणे आठवड्याचा पगार. तो पगार हातात पडला की दुसऱ्याच दिवशी आठवडी बाजारात ज्वारी, गोडे तेल, मीठ, एखादे लुगडे यांत मोडला जाई. दुकानदाराची उधारी फिटे, त्याचा माल पुन्हा येई.

अर्थशास्त्रात ज्याला गुणक म्हणतात तो इथे उघड्या डोळ्यांनी दिसतो. भूमिहीन मजुराला मिळालेला रुपया जवळजवळ सगळा आणि जवळजवळ लगेच खर्च होतो, आणि तोही आपल्याच तालुक्यात. श्रीमंताकडून कराने घेतलेल्या रुपयातला बराच भाग त्याने तसाही शिलकीत टाकला असता. म्हणून एकाकडून घेऊन दुसऱ्याला दिल्याने, सरकारने कर्ज न काढताही, मंदावलेल्या बाजाराला एकूण मागणी वाढून मिळते. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास मांडला, त्यातली शिफारसही याच दिशेची होती : ग्रामीण भागात मोठ्या प्रमाणावर कामे काढावीत, आणि त्यासाठीचा पैसा वरच्या थरातल्या लोकांच्या चैनीला कात्री लावून उभा करावा.

महाराष्ट्राने हे करून दाखवले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आणि सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात झालेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना १९७२ साली राज्यभर जाहीर झाली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. ‘मागेल त्याला काम’ हा हक्क झाला. देशाला असा कायदा करायला २००५ साल उजाडावे लागले.

या कायद्याची थोरवी सांगताना त्याची दुसरी बाजू बहुधा राहून जाते. हमी दिली, पण पैसा कुठून? त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी, कंपन्या, सगळ्यांवर कर बसला. बागायती जमिनींवर विशेष आकारणी, मोटार वाहनांवर जादा कर, विक्रीकरावर अधिभार, शहरांतील बिगरनिवासी इमारतींवर रोजगार हमी उपकर, असे आणखी काही झरे त्यात सोडले गेले. या सर्वांतून जमेल तेवढीच भर राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची आणि रोजगार हमी निधी उभा करायचा. मुंबईतला कारकून, पुण्यातला वकील, कालव्याखालचा ऊसवाला यांच्याकडून घेऊन परंड्याच्या आणि भूमच्या हजेरीपटावर द्यायचे, ही रचना होती. कर कोणासाठी आहे हे त्याच्या कायद्यातच लिहिलेले असल्यामुळे शहरी मध्यमवर्गाने तो मोठ्या तक्रारीशिवाय स्वीकारला. कराला असा चेहरा दिला की तो देणाऱ्याला कमी टोचतो.

आता त्याच कराची आजची पावती बघा. महाराष्ट्रातल्या बहुतेक पगारपत्रकांवर कपातीच्या रकान्यात ‘व्यवसाय कर’ अशी ओळ असते. अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. महिना दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाला हा पूर्ण कर लागतो. स्त्रियांना २५ हजारांपर्यंत माफी आहे. धाराशिवच्या एखाद्या दुकानात महिना अकरा हजारांवर काम करणारा तरुण वर्षाला २,५०० भरतो. मुंबईतल्या एखाद्या कंपनीचा महिना अकरा लाख घेणारा अधिकारीही २,५००च भरतो. पहिल्याच्या शंभर रुपयांतले जवळपास १ रुपया ९० पैसे जातात, दुसऱ्याच्या शंभर रुपयांतले दोन पैसेही नाहीत. संपन्नांकडून घेण्यासाठी जन्मलेला कर अशा रीतीने प्रतिगामी होऊन बसला.

याला राज्य सरकारची हयगय हे पुरते कारण नाही. घटनेच्या २७६व्या अनुच्छेदाने व्यवसाय कराला कमाल मर्यादा घातली आहे. मुळात ती वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली. त्यानंतर पगार कुठल्या कुठे गेले, सोने कुठल्या कुठे गेले. ही मर्यादा तिथेच आहे. दर वाढवायचा तर संसदेत घटनादुरुस्ती हवी. श्रीमंतांवरील कर रद्द करायला मोठी राजकीय लढाई लागते असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्याला हात न लावता बसून राहिले तरी भागते. महागाई आपोआप ते काम करते.

रोजगार हमीच्या खर्चाच्या बाजूवरही प्रश्न उठले आहेत आणि ते वाचकापासून लपवण्यात अर्थ नाही. पाझर तलाव झाला की पाणी उतरते कोणाच्या विहिरीत? ज्याची जमीन खाली आहे त्याच्या. तलाव खोदणारा भूमिहीन असेल तर त्याच्या वाट्याला मजुरी येते आणि जमीनमालकाच्या वाट्याला कायमचे पाणी. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३ साली रोजगार हमीवरच्या आपल्या लेखात याच अंगाने वर्गहितांचा प्रश्न मांडला. पुढे १९९० पासून रोजगार हमीतून फळबागांना मदत सुरू झाली, तीही ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांनाच घेता आली. दुष्काळात माणसे जगवण्यात ही योजना यशस्वी झाली, याबद्दल अभ्यासकांत फारसे दुमत नाही. तिने भूमिहीनाची परिस्थिती कायमची किती पालटली, यावर आहे. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवून वाचायची सवय या विषयात लावून घ्यावी लागते.

याच राज्यात, याच काळात, अगदी उलट दिशेचा उपायही चालू होता. १९६४ पासून महाराष्ट्रात उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. तालुक्यांचे गट पाडायचे. ‘अ’ म्हणजे पुढारलेला, ‘ड’ आणि ‘ड प्लस’ म्हणजे मागास. जितका तालुका मागास तितकी कारखानदाराला करात जास्त सूट किंवा परतावा. पूर्वी विक्रीकर माफ होई किंवा पुढे ढकलला जाई, आता वस्तू व सेवा करातल्या राज्याच्या वाट्याशी जोडलेले अनुदान मिळते. तर्क सरळ आहे : भांडवलवाल्याकडून न घेता त्याला सोडले, तर तो आपल्या दारी येईल आणि रोजगार आणील. मराठवाड्यातले बहुतेक तालुके कायम वरच्या सवलतीच्या गटांत राहिले. तरीही उद्योगांची गर्दी मुंबई–ठाणे–पुणे–नाशिक या पट्ट्यातच झाली. दांडेकर समितीने १९८४ साली आणि विजय केळकर समितीने २०१३ साली प्रादेशिक असमतोलाचे जे चित्र मांडले, त्यात मराठवाड्याचा अनुशेष ठळक आहे. कारण शोधायला लांब जावे लागत नाही. कारखानदार आधी पाणी, वीज, रेल्वे, कुशल कामगार आणि बाजारपेठ बघतो. करसवलत त्याच्या यादीत त्यानंतर येते. आणि पाणी, वीज, रेल्वे यांसाठी जो पैसा लागतो, तो करातूनच यायचा असतो.

देशपातळीवरही हा वाद ताजा आहे. २० सप्टेंबर २०१९ रोजी कंपन्यांवरील प्राप्तिकराचा मूळ दर २२ टक्के, आणि नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्के करण्यात आला. मंदावलेल्या अर्थव्यवस्थेला चालना देण्यासाठी सरकारने त्यावेळी १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडल्याचे सांगितले. गुंतवणूक त्या मानाने वाढली का, याचे उत्तर शोधताना मध्ये आलेली कोविडची दोन वर्षे कशी वजा करायची, हा पद्धतीचा नामी धडा आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात २०१२ साली अशीच मोठी करकपात झाली. शाळा-रस्त्यांचा पैसा आटला आणि २०१७ मध्ये तिथल्याच विधिमंडळाने ती बहुतांशी मागे घेतली. उलट बाजूचा धडाही आहे. १९९० साली ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेतील बारा देशांत निव्वळ संपत्तीवर कर होता. २०१७ साली तो चारच देशांत उरला. संपत्ती सीमा ओलांडते, कर अधिकारी ओलांडू शकत नाही. म्हणूनच अर्थशास्त्रज्ञ गॅब्रिएल झुकमन यांनी २०२४ साली जी-२० गटापुढे अब्जाधीशांवर किमान दोन टक्क्यांचा कर सर्व देशांनी मिळून लावावा, असा प्रस्ताव ठेवला. त्याच वर्षी नितीन कुमार भारती, लुकास शान्सेल, तोमा पिकेटी आणि अनमोल सोमंची यांच्या निबंधाने भारतातली २०२२-२३ची स्थिती मांडली : वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा. या आकड्यांच्या पद्धतीवर वाद आहेत, आणि ते वादही वाचण्यासारखे आहेत.

‘श्रीमंत’ म्हणजे नेहमी मुंबईतलाच कोणी, असे समजून चालणार नाही. शेतीच्या उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार घटनेने राज्यांना दिला आहे. महाराष्ट्राने १९६२ साली तसा कायदाही केला होता, तो मागे पडला. के. एन. राज समितीने १९७२ साली मोठ्या शेतजमिनींवर धारणेनुसार कर सुचवला, तो जवळजवळ कुठेच आला नाही. धाराशिव जिल्ह्यात तीन एकर सोयाबीनवाला आणि शंभर एकर बागायत, पेट्रोल पंप, बंगला असलेला, दोघेही कागदावर शेतकरीच असतात आणि दोघांचेही शेतीचे उत्पन्न करमुक्त असते. पहिल्याला कराच्या जाळ्यात ओढू नये, हे खरे. पण त्याच्या आडोशाला दुसरा किती काळ उभा राहणार, हा प्रश्न जिल्ह्यातल्याच अभ्यासकाने विचारला तर त्याला वजन येते. अशीच गुंतागुंत सहकारी साखर कारखान्यांच्या प्राप्तिकराची. शेतकऱ्याला दिलेला जादा ऊसदर हा खर्च की नफ्याचे वाटप, या प्रश्नावर वर्षानुवर्षे नोटिसा निघाल्या आणि २०२३च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने जुन्या वर्षांपुरता तो कारखान्यांच्या बाजूने सोडवला. सुमारे दहा हजार कोटींचा दिलासा, असे तेव्हा सांगितले गेले. त्यातला किती उसाच्या फडापर्यंत पोहोचला, हा संशोधनाचा विषय आहे.

आणखी एक धागा तांत्रिक वाटतो, पण तो सोडून चालत नाही. २०१५ साली संपत्ती कर गेला, त्याच्या जागी एक कोटीच्या वर उत्पन्न असलेल्यांवर दोन टक्के जादा अधिभार आला, आणि त्यातून नऊ हजार कोटी मिळतील, असा सरकारचा अंदाज होता. हजार कोटींच्या जागी नऊ हजार कोटी. व्यवहार फायद्याचा दिसतो. मात्र केंद्राच्या करांतला ठरावीक वाटा राज्यांना जातो (पंधराव्या वित्त आयोगाने तो ४१ टक्के ठरवला होता); अधिभार आणि उपकर या वाटपातून घटनेनेच वगळले आहेत. संपत्ती कराच्या रुपयात राज्यांचा हिस्सा होता, अधिभाराच्या रुपयात नाही. म्हणजे श्रीमंतांवरचा कर वाढूनही तो राज्यामार्फत जिल्ह्यापर्यंत येण्याची वाट अरुंद होऊ शकते. कराचा दर वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतो, वाट येत नाही.

कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. धरणात किती टक्के साठा आहे हे मुखाशी मोजतात. पाणी आले की नाही हे टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी सांगतो. करनीतीही टेलवरून पाहावी, हे या पुस्तकाचे सांगणे आहे. धाराशिव हा करव्यवस्थेच्या टेलवरचा जिल्हा. इथून पाहिले की दर, पाया आणि वाट या तीन गोष्टी वेगळ्या दिसू लागतात. ९७.७५ टक्के दर असूनही पाया गळका असेल तर टेलला काही येत नाही. वर्षाला २५० रुपयांचा साधा कर, पण वाट बांधलेली असेल तर हजेरीपट चालतो. आणि वाट बांधलेली असूनही मर्यादा गोठली, तर प्रवाह वर्षागणिक बारीक होत जातो.

पुढील प्रकरणांची मांडणी याच क्रमाने आहे : आधी कराचा पाया, मग दर व वसुली, मग केंद्र–राज्य–जिल्हा अशी पैशाची वाट, आणि शेवटी खर्चाचे मोजमाप. कोणतेही प्रकरण आधी वाचले तरी चालेल. पण वस्तू व सेवा करावरचे प्रकरण वगळू नका. प्राप्तिकर न भरणारा मजूरही साबण, तेल, चप्पल घेताना कर भरतच असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये साबण-टूथपेस्टसारख्या वस्तूंवरील दर १८ वरून ५ टक्क्यांवर आले, ते श्रीमंतांवरील कराच्या चर्चेइतकेच त्याच्या जिव्हाळ्याचे होते. ‘आम्ही कर भरतो, ते फुकट खातात’ हे वाक्य ज्या घरात बोलले जाते, तिथे हे प्रकरण आवर्जून वाचून दाखवावे.

अभ्यासाची साधने फार महाग नाहीत. राज्याची दरवर्षीची आर्थिक पाहणी, अर्थसंकल्पाची पुस्तके, महालेखापरीक्षकांचे अहवाल, शासन निर्णय, जिल्हा नियोजन समितीचा आराखडा, ग्रामपंचायतीचे हिशेबाचे नमुने. हे सारे मागितले तर मिळते. त्यांतून स्वतःच्या तालुक्यापुरते एक काम हाती घ्या. गेल्या दहा वर्षांत तालुक्यातल्या पगारदारांकडून आणि दुकानदारांकडून व्यवसाय कर किती गेला, रोजगार हमीच्या कामांवर किती आला, त्यातून झालेल्या विहिरी आणि बांध कोणाच्या गटात आहेत, आणि तालुक्यात आलेल्या उद्योगांना करसवलत किती मिळाली व त्यांनी किती माणसे कामाला लावली. हे काम नीट करायला एक उन्हाळा पुरेल. त्यातून येणारे उत्तर डावे निघेल की उजवे, हे आधी ठरवून बसू नका. एका तालुक्याचा असा ताळेबंद जरी कोणी मांडला, तरी श्रीमंतांवरील कराची चर्चा घोषणांतून हिशेबात येईल. आणि हिशेबात आलेल्या गोष्टीवरच ग्रामसभेत आणि विधानसभेतही नीट भांडता येते.